खाटलं, तीन चोर आणि एक रुपयाचं नाणं

एप्रिल-मेमध्ये खान्देशात घरात झोपणं म्हणजे शिक्षाच. आमच्याकडे सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जायचे, आणि आजी उत्तरेकडे हात करून सांगायची, "ते देख खाटलं, आन त्यान्हामांगे तीन चोर." पुस्तकातले सप्तर्षी ते हेच. चार तारे म्हातारीच्या खाटेचे पाय, मागचे तीन ती खाट पळवायला टपलेले चोर. खाली पडून पाहिलं की सातही एकाच छताला टांगल्यासारखे वाटतात.

कोण जवळ, कोण लांब, हे कसं ओळखायचं? भुसावळहून रावेरकडे जाताना गाडीत डाव्या खिडकीशी बसा. रुळालगतची केळीची बाग सर्रकन मागे पळते, सातपुडा मात्र जागचा हलत नाही. आपण किती सरकलो आणि समोरची वस्तू किती सरकल्यासारखी दिसली, एवढं कळलं की अंतर त्रिकोणाच्या गणितातून निघतं. या भासमान सरकण्याला पराशय म्हणतात. कल्पना आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (११५०) ग्रहणाच्या गणितात 'लंबन' येतं: आपण पृथ्वीच्या पोटात नाही, पाठीवर उभे आहोत, म्हणून चंद्र थोडा सरकलेला दिसतो, ती दुरुस्ती. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ काढला, तो आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला. त्याचा शिलालेख तिथे आहे.

चंद्रासाठी पृथ्वीची रुंदी पुरते, ताऱ्यांसाठी नाही. मग पृथ्वीचीच गाडी करायची. सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांत ती आपल्याला सुमारे ३० कोटी किलोमीटर पलीकडे नेऊन ठेवते. जानेवारीत आणि जुलैत तोच तारा मोजायचा. जवळचा असेल तर मागच्या लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो किंचित सरकतो. त्या सरकण्याचा निम्मा कोन म्हणजे पराशय. जर्मनीच्या फ्रीडरिख बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका फिकट ताऱ्यासाठी तो पहिल्यांदा भरवशाने मोजला. तो तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष).

हा कोन किती बारीक असतो? वसिष्ठाचा, म्हणजे मधल्या चोराचा, पराशय एका अंशाच्या ३६०० व्या भागाचाही जेमतेम पंचविसावा भाग आहे. भुसावळला कुणी रुपयाचं नवं नाणं धरून उभं राहिलं आणि आपण धुळ्याहून पाहिलं, तर ते नाणं जेवढं दिसेल तेवढा. पृथ्वीवरून हे मोजायला हवा आडवी येते, म्हणून युरोपने १९८९ मध्ये हिप्पार्कस उपग्रह सोडला. पुढे गाया उपग्रहाने जवळपास दोनशे कोटी ताऱ्यांची मोजणी केली, पण गंमत अशी की सप्तर्षींसारख्या ठळक ताऱ्यांनी त्याचे डोळे दिपायचे. त्यांच्यासाठी जुना हिप्पार्कसच कामाचा.

हिप्पार्कसच्या आकड्यांत खाटेचे तीन पाय आणि पहिले दोन चोर ८० ते ८३ प्रकाशवर्षांवर निघाले. चोरांपासून लांबचा, ध्रुवाच्या बाजूचा पाय, म्हणजे क्रतू, मात्र १२३ वर. आणि सगळ्यात मागचा चोर, मरीची, १०४ वर.

अंतर हाती आलं की बाकीची कुलपं भराभर उघडतात. क्रतू आणि अंगिरस (पहिला चोर) डोळ्यांना सारखेच तेजस्वी दिसतात. पण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. क्रतू दीडपट लांब असून बरोबरीने चमकतो, म्हणजे त्याचं खरं तेज सव्वादोन पट हवं. तापमानाला तर अंतरही लागत नाही, रंग पुरतो. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं, तसंच. नारिंगी क्रतूचा पृष्ठभाग साधारण ४५०० अंश सेल्सिअस, पांढऱ्या अंगिरसाचा ९०००, निळसर मरीचीचा १५००० च्या आसपास. घटक सांगतात वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या उजेडाच्या पट्ट्यातल्या, काळ्या रेषा. त्या रेषा तापमानाप्रमाणे कशा बदलतात याचं समीकरण मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलं, आणि ते वापरून सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत.

वजन सगळ्यात अवघड. त्यासाठी जोडी लागते. लग्नात नवरीला वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवतात. पण दुर्बिणीतून वसिष्ठ स्वतःच दोन दिसतो, आणि १८८९ मध्ये पिकरिंग यांना त्यातल्या एकाच्या वर्णपटातल्या रेषा ठरावीक काळाने दुहेरी होताना आढळल्या. म्हणजे तोही जोडतारा. दोघे साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. फेरीचा काळ आणि कक्षेचं माप कळलं की गुरुत्वाकर्षणाचा नियम वजन सांगतो: प्रत्येकी सूर्याच्या दुपटीहून थोडं जास्त. वसिष्ठातला दुसराही पुढे जोडताराच निघाला, आणि अरुंधतीलाही जोडीदार सापडलाय. भटजी दोन तारे दाखवतात, तिथे सहा आहेत.

फार लांबच्या ताऱ्यांना पराशय पुरत नाही. तिथे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडलेला नियम वापरतात: काही तारे ठरावीक काळाने मंद-तेज होतात, आणि तो काळ जितका मोठा तितकं त्यांचं खरं तेज जास्त.

आजीच्या खाटल्याकडे परत येऊ. पराशय वजा केल्यावरही तारे वर्षानुवर्षं हळूहळू सरकतातच, कारण ते खरोखर चालत असतात. मधले पाच भावंडांसारखे एकाच दिशेने निघालेत. क्रतू आणि मरीची यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आकाशात दोघेही साधारण उलट दिशेला सरकताहेत. लाखभर वर्षांनी खाट पार वाकडी झालेली दिसेल. एक पाय गेलेला, आणि तो ज्या बाजूला गेला त्याच बाजूला शेवटचा चोरही.