नाशिकचा भाव सांगण्याआधी
(नवी कार घ्यायला येणाऱ्या ग्राहकांसाठी)

"नाशिकला तीस हजार कमी सांगताहेत, तुमचं शेवट कितला?" अमळनेरच्या आमच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो, फोनवर तर त्याहून जास्त. भाव करू नका असं आम्ही म्हणत नाही, भाव करायलाच हवा. पण नुसता आकडा घेऊन आलात की तुमचा-आमचा अर्धा दिवस जातो आणि शेवटी कळतं, तुलना वेगवेगळ्या हिशोबांची चालली होती.

ऑन-रोड किमतीतले, म्हणजे कर-विमा धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या एकूण खर्चातले, दोन मोठे आकडे कोणत्याच डीलरच्या हातात नसतात. एक्स-शोरूम किंमत, म्हणजे आरटीओ कर आणि विमा सोडून गाडीची किंमत, कंपनी ठरवते, एकाच व्हेरिएंटला ती जळगाव, धुळे, नाशिक सगळीकडे साधारण सारखीच. आरटीओचा कर राज्यभर एकच: स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, डिझेलला 13. म्हणजे 8 लाखांच्या पेट्रोल गाडीला 88 हजार, मग ती कुठूनही घ्या. तीस हजारांचा फरक निघतो तो विमा, सवलती आणि अ‍ॅक्सेसरीज यांतून.

समजा, तिकडच्या कोटेशनमध्ये एक्स्चेंज बोनस 15 हजार धरलाय, आणि तुमच्याकडे द्यायला जुनी गाडीच नाही. विम्यात झिरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) काढून टाकलंय, आयडीव्हीही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) खाली आणलाय, तिथे 12 हजार कमी दिसले. मॅट, मडफ्लॅप धरलेच नाहीत, ते 3 हजार. झाले तीस. भाव कुणीच कमी केला नाही, फक्त रकाने रिकामे ठेवले. बुकिंगच्या दिवशी ते एकेक करून भरतात.

म्हणून दुसरीकडचा भाव कागदावर आणा. त्यावर व्हेरिएंट, रंग, प्रत्येक सवलतीचं नाव आणि विम्यात काय काय आहे हे लिहिलेलं असावं. तो कागद टेबलावर ठेवला की आम्ही ओळीला ओळ लावून दाखवतो. कुठे खरंच आम्ही महाग असलो तर तिथे बोलू. आणि त्या कागदावर 'हँडलिंग चार्ज' असेल तर आधी तो काढायला सांगा. गाडी दालनात आणायचा खर्च किमतीतच असतो, आमच्या कोटेशनमध्ये ती ओळ सापडणार नाही.

फोनवर शेवटचा भाव आम्ही सांगत नाही, त्याचा काहींना राग येतो. पण सवलत महिन्यागणिक बदलते, आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली त्यावरही ठरते. फॉर्म 22, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र, त्यावर उत्पादनाचा महिना असतो, तो बघायला मागा. जुना स्टॉक असेल तर आम्ही स्वतःहून सांगतो. तिथे जोर लावा, तिथे सुटतं.

विमा आमच्याकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही, ती कोणीच करू शकत नाही. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, मात्र नव्या कारला 3 वर्षांची एकदमच घ्यावी लागते. आमच्याकडून घेतलात तर क्लेमच्या वेळी कागदपत्रांची धावपळ आमची, एवढाच फायदा. जुनी गाडी विकली असेल तर विमा कंपनीकडून एनसीबीचं (नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याची सूट) पत्र घेऊन ठेवा. क्लेम घेतलेला नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. हे पत्र बहुतेक जण विसरतात, आणि मग आमच्याशी दोन हजारांसाठी भांडतात!

नवापूर, शहाद्याकडची मंडळी सुरतचा भाव आणतात. गाडी वापरणार महाराष्ट्रात तर नोंदणी इथेच करावी लागते आणि कर इथला भरावा लागतो. गुजरातचा कर धरून केलेला हिशोब इथे कामाचा नाही.

कापूस, केळीचे पैसे पिशवीत घेऊन येणाऱ्या भावांना विनंती: एका गाडीसाठी 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख आम्हाला घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड आम्हाला होतो. हप्ते पाडले तरी चालत नाही. आरटीजीएस करा किंवा डीडी आणा. गाडी 10 लाखांच्या वर गेली की 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) लागतो. तो आमच्या खिशात जात नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरून परत मागता येतो. पॅन कार्ड सोबत असू द्या.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दसऱ्याला गाडी दारात हवी असेल तर आदल्या दिवशी पैसे भरून जमणार नाही. कर भरून नंबर पडल्याशिवाय आणि नंबरप्लेट बसल्याशिवाय आम्ही गाडी बाहेर काढत नाही, कोणीही फोन केला तरी. सणाच्या आठवड्यात भावही फारसा सुटत नाही आणि हवा तो रंगही मिळत नाही. निवांत बोलायचं असेल तर महिनाअखेरीस, सकाळच्या वेळी या. कोटेशन आणा, घरात ज्यांचं मत चालतं त्यांनाही आणा. चहा आमचा.