बॅटरी काढूनही न उघडणारं कुलूप

माझ्या मावसभावाने दिवाळीच्या सुमारास एक जुना मॅकबुक विकत घेतला, इंटेल प्रोसेसरचा. दोन महिने तक्रार नव्हती. मग एका रविवारी सिस्टीम नव्याने टाकायची म्हणून त्याने पेनड्राइव्ह लावला, ऑप्शन बटण दाबून धरलं आणि मशीन चालू केलं. पडद्यावर आलं कुलपाचं चित्र आणि खाली रिकामी चौकट. रोजचा पासवर्ड घालून झाला, लहान-मोठी अक्षरं बदलून झाली, पण कुलूप हललं नाही. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणे, "असा काही पासवर्ड असतो हेच मला माहीत नाही."

असतो. बटण दाबल्यावर विंडोज किंवा मॅकओएस जागं होण्याआधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम चालतो, तो म्हणजे फर्मवेअर. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना ते तो बघतो आणि कुठल्या डिस्कवरून सिस्टीम उचलायची ते ठरवतो. पूर्वी त्याला बायॉस म्हणत, आता यूईएफआय आलं, पण दुरुस्तीवाले अजून बायॉसच म्हणतात. हा फर्मवेअर पासवर्ड तिथला. डिस्क कितीदाही फॉरमॅट करा, तो जात नाही, कारण तो डिस्कवर नसतोच.

मग असतो कुठे? सगळी गोम इथे आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये सेटिंग एका ६४ बाइटच्या चिपमध्ये राहायची. त्यातले १४ बाइट घड्याळाचे, उरलेले ५० बाकी नोंदींचे, आणि चिप जिवंत ठेवायला बॅटरी. पुढे बऱ्याच डेस्कटॉपनी पासवर्डही अशाच जागी ठेवला. त्यामुळे मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सीआर २०३२ सेल (२० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नावातच सगळं आलं) काढून थोडा वेळ थांबलं की मशीन सगळं विसरायचं. "सेल काढ, होईल" हा सल्ला तेव्हापासून चालत आलाय.

लॅपटॉपवर तो सहसा चालत नाही. चोरीला जाणारी वस्तू असल्याने कंपन्यांनी पासवर्ड वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्ये हलवला. लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपचा सुपरवायझर पासवर्ड (बायॉसची सेटिंग राखणारा) विसरलात तर कंपनी सरळ मदरबोर्ड बदलायला सांगते. ॲपलच्या जुन्या मशीनमध्ये एक फट होती: एक रॅमची पट्टी काढायची आणि ठरावीक बटणं दाबून सेटिंग तीनदा रीसेट करायची, की पासवर्ड साफ. पुढच्या मॉडेलांत ती बुजवली. आता मूळ बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठायचं.

एवढं पक्कं कुलूप, पण ते मशीनचं आहे, तुमच्या फोटोंचं नाही. डिस्क सुटी होणारी असेल, तर चार स्क्रू काढून ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फाइली समोर. त्या वाचवायच्या तर डिस्क एन्क्रिप्टच करायला हवी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी सांकेतिक करून ठेवायला हवी: विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एम१ पासून ॲपलने स्वतःच्या चिपच्या मॅकवर फर्मवेअर पासवर्डची सोयच ठेवलेली नाही. तिथे फाइलव्हॉल्ट लावा म्हणतात.

शाळेच्या लॅबमध्ये मी फर्मवेअर पासवर्ड जरूर लावीन, पोरं पेनड्राइव्हवरून काय काय चालू करतात. घरी एन्क्रिप्शन आधी. तरी लावायचाच असेल तर साधी इंग्रजी अक्षरं-आकडे घ्या, फर्मवेअरला मराठी कीबोर्ड कळत नाही. आणि एफडीच्या पावत्यांसोबत कागदावर लिहून ठेवा. जुनं मशीन घेताना पैसे देण्याआधी ते पूर्ण बंद करून बायॉस उघडून बघा; मॅक असेल तर ऑप्शन दाबून.

भावाने शेवटी पहिला मालक शोधला. त्याला पाचव्या मिनिटाला आठवलं: जुन्या स्कूटरचा नंबर. मग कमांड आणि आर दाबून रिकव्हरीत (मॅकच्या दुरुस्तीच्या पडद्यावर) जायचं, युटिलिटीज मेनूतून फर्मवेअर पासवर्ड बंद करायचा, एवढंच काम उरलं होतं.