मधमाश्यांचा पाक: पातळ कधी, घट्ट कधी?

इंग्लंड-कॅनडातल्या मधपाळांचे व्हिडिओ बघून मधमाश्यांच्या पेटीत खाणं म्हणून साखरेचा पाक ठेवू लागलेल्यांचा एक गोंधळ ठरलेला असतो. त्या व्हिडिओंमध्ये पाक दोन प्रकारचे असतात. एक समप्रमाण, म्हणजे किलोभर साखरेला लिटरभर पाणी. दुसरा घट्ट, म्हणजे दोन किलोला एक लिटर. बघणाऱ्याच्या लक्षात राहतं ते एवढंच, की ‘थंडीत पाक द्यायचा’.

पातळ पाक पेटीत आला की माश्यांच्या दृष्टीने बाहेर फुलोरा सुरू झाला. राणीला खाणं वाढतं, ती अंडी जास्त घालते, पिलावा पसरतो. म्हणून थंड देशांत हा पाक वसंताच्या तोंडाशी देतात. घट्ट पाक मात्र कोठारासाठी. माश्या त्यातलं थोडं पाणी उडवतात, घरं भरतात आणि वर मेणाचं झाकण घालतात.

थोडं पाणी म्हणजे किती, हा हिशोब करण्यासारखा आहे. पिकलेल्या मधात पाणी साधारण १८ टक्के असतं. दोन किलो साखर त्या घट्टपणाला आणायची तर तिच्यासोबत सुमारे ४४० मिली पाणी उरायला हवं. घट्ट पाकातून एवढी साखर दिली तर पाणी गेलं १ लिटर, म्हणजे उडवायचं ५६० मिली. पातळ पाकातून दिली तर पाणी गेलं २ लिटर, उडवायचं १ लिटर ५६० मिली. काम पावणेतीन पटींहून जास्त, आणि तेही ऑक्टोबरच्या गारठ्यात पंख हलवून. पुढे जगायच्या माश्या यातच झिजतात.

या झिजेला तिकडे फार महत्त्व आहे. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते; शरदात जन्मलेली, अंगात चरबी साठवलेली माशी पाच-सहा महिने काढते. माश्या हिवाळाभर झोपत नाहीत. राणीला मध्ये घेऊन एकमेकींना बिलगून गोळा बनवतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब धरतात. इंधन म्हणजे कोठारातला मध. ब्रिटनमध्ये एका वसाहतीला १८ ते २० किलो साठा लागतो असं धरतात, उत्तर अमेरिकेच्या थंड भागात त्याहून बराच जास्त. म्हणून घट्ट पाक ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात भरून टाकायचा, म्हणजे राबणं उन्हाळी माश्यांच्याच वाट्याला येतं.

घट्ट पाक कोमट पाण्यात विरघळवावा लागतो. दोनास एक हे प्रमाण साखर विरघळण्याच्या टोकाशीच आहे, जास्त गार झाला की तळाशी खडे धरतो. पण म्हणून गॅसवर उकळत ठेवू नका. हा गुलाबजामचा पाक नाही, तार बघायची नसते. लिंबूही पिळायचं नाही: आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखरेतून माश्यांना विषारी असं द्रव्य तयार होतं. साखर फोडायला लागणारं विकर माशीच्या लाळेत असतंच.

कडाक्याच्या थंडीत मात्र दोन्ही पाक बाद. तापमान १० अंशांच्या खाली गेलं की माश्या गोळा सोडून गार पाक प्यायला येत नाहीत, उलट पेटीत ओल वाढते. जानेवारीत पेटी एका बाजूने उचलून हलकी लागली तर चौकटींवर (पोळं बांधायच्या लाकडी फ्रेम) वर्तमानपत्र अंथरून त्यावर किंचित ओलसर केलेली साखर टाकतात, किंवा मऊ साखरेची वडी ठेवतात. माश्यांच्या श्वासाची वाफ त्यावर बसते आणि त्या चाटत राहतात. उपासमार बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये गाठते, कारण पिलावा सुरू होऊन खाणं एकदम वाढतं. रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या माश्या दिसल्या की कारण विचारायची गरज नसते.

सह्याद्रीत हे वेळापत्रक लागू नाही. महाबळेश्वर परिसरात टंचाई येते जून ते सप्टेंबर, धो-धो पावसात, थंडीत नाही. इथली सातेरी जातीची माशी कोठार संपल्यावर मरायची वाट बघत नाही, पेटी सोडून निघून जाते. तेव्हा इथला पाक तिला थोपवण्यासाठी आणि लगेच खाण्यासाठी. समप्रमाण चालतो, पण रात्रीत संपेल एवढाच, संध्याकाळी, पेटीच्या आत. दमट हवेत उरलेला पातळ पाक दोन-चार दिवसांत आंबतो. बाहेर सांडला तर शेजारच्या पेट्यांच्या माश्या लुटालूट करतात, आणि दुबळी वसाहत त्यात संपते.

गूळ स्वस्त पडतो म्हणून देऊ नये. त्यातली क्षारद्रव्यं माश्यांच्या पोटात साठतात, आणि बाहेर पडता न येणाऱ्या दिवसांत हगवण पेटीतच होते. माझ्या मते पैसे वाचवायचे असतील तर आधी मध काढतानाच दोन चौकटी जास्त ठेवाव्यात; त्याइतका बिनकष्टाचा पाक नाही.

मधकोठी, म्हणजे काढायचा मध जिथे साठतो तो वरचा कप्पा, पेटीवर असताना कुठलाच पाक द्यायचा नाही. तो मधाच्या घरांत चढतो आणि तुमच्या नकळत भेसळ होते. उसाच्या साखरेतल्या कार्बनची ठेवण बहुतेक फुलांच्या मकरंदापेक्षा वेगळी असते, त्यामुळे प्रयोगशाळेत ती पकडता येते.