सँडर्स यांची उमेदवारी सुपरडेलिगेट्सनी पळवली होती का?

२०१६ पासून एक समज घट्ट बसलाय: अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत (अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत) बर्नी सँडर्स जिंकत होते, पण पक्षाच्या बड्या धेंडांनी, म्हणजे सुपरडेलिगेट्सनी, उमेदवारी हिलरी क्लिंटन यांच्या पदरात टाकली. आकडे तसं सांगत नाहीत.

मतदानातून ठरणारे डेलिगेट्स (उमेदवार निवडणारे पक्षप्रतिनिधी) ४,०५१ होते. त्यांपैकी क्लिंटन यांना २,२०५, सँडर्स यांना १,८४६. सातशेच्या आसपास सुपरडेलिगेट्स (खासदार, गव्हर्नर, पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य; यांच्यावर प्रायमरीच्या निकालाचं बंधन नसतं) हिशेबातून पार वगळले, तरी क्लिंटनच पुढे. मतदानातून ठरणाऱ्या डेलिगेट्सच्या जागा राज्यागणिक मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. १५ टक्क्यांखाली राहिलात तर हाती काहीच नाही. त्यामुळे एकदा मागे पडलं की अंतर भरून काढणं महाकठीण.

मग पक्षनेतृत्व धुतल्या तांदळासारखं होतं का? मुळीच नाही. फुटलेल्या ईमेल्समधून समितीतल्या काहींचा सँडर्सविरोध उघड झाला आणि अध्यक्षा डेबी वासरमन शुल्ट्झ यांना जुलैत पायउतार व्हावं लागलं. माध्यमंही सुपरडेलिगेट्सचा पाठिंबा सुरुवातीपासूनच बेरजेत धरत, म्हणून क्लिंटन यांची आघाडी फुगलेली दिसे.

खरी गोची मतदारनोंदणीत होती. न्यूयॉर्कची प्रायमरी १९ एप्रिलला, फक्त नोंदणीकृत पक्षमतदारांसाठी. पण आधीच नोंदलेल्या मतदाराला पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपलेली! सँडर्सकडे ओढले गेलेले कित्येक अपक्ष मतदार तिथेच बाद झाले. हा नियम मात्र पक्षाचा नव्हे, राज्याच्या कायद्याचा.

२०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला: निकाल आधीच स्पष्ट नसेल तर सुपरडेलिगेट्सना पक्षाच्या अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत मत नाही.