शालेय परसबाग आणि शिवारफेरी

शाळेच्या आवारात मुलांनी स्वतः लावलेली व वाढवलेली भाजीपाल्याची, फळझाडांची आणि फुलझाडांची लहान बाग म्हणजे शालेय परसबाग. तिच्या जोडीला गावाच्या शिवारात, माळावर किंवा जवळच्या रानात नेण्याच्या फेऱ्या येतात. वनस्पती म्हणजे काय हे प्राथमिक शाळेतील मुलांना या दोन मार्गांनी प्रत्यक्ष कळते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांत परसबाग बरीच रुजली असून तिच्या तालुका व जिल्हा पातळीवर स्पर्धाही होतात.

केंद्रीय शिक्षण खात्याने 2019 मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर परसबागेचा विचार मुख्यतः पोषण आहाराच्या अंगाने होऊ लागला. जमीन नसेल तर कुंड्या, जुने डबे, पोती किंवा गच्ची वापरावी, असेही त्या सूचनांत सुचवले आहे. ताटात ताजी मेथी येते ही चांगलीच गोष्ट आहे, पण हिशेब करून पाहावा. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी धरलेली असते. चाळीस मुलांच्या शाळेला रोज दोन किलो भाजी लागते, आणि चार-सहा वाफ्यांतून ती वर्षभर निघत नाही. म्हणून परसबागेचे मोल केवळ किलोत मोजले, तर ती तोट्याची ठरते. आपण टोकलेल्या बीचे पुढे काय झाले हे मूल तिथे रोज पाहते, आणि बागेची खरी कमाई ती आहे. स्पर्धेसाठी मोठ्या माणसांनी आखून, लावून, सजवून दिलेल्या बागेत नेमकी हीच कमाई हातची जाते.

या कल्पनेला जुनी परंपरा आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल यांनी 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांच्या आराखड्यात प्रत्येक मुलासाठी स्वतःचा एक छोटा वाफा होता आणि सर्वांचा मिळून सामाईक वाफाही होता. आपल्याकडे 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढे आली. हाताने केलेले उत्पादक काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणाऱ्या या पद्धतीत सूतकताईबरोबर शेतीलाही स्थान होते. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही याच वाटेने चालते.

लहान मुलांच्या संदर्भात मात्र सर्वांत जवळचे उदाहरण कोसबाडचे आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्याच काळात त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली मुलांना गुरे राखायला जावे लागे, म्हणून या दोघींनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. विकतच्या साधनांऐवजी बिया, पाने, शेंगा, शंख-शिंपले यांवर मोजणे, वर्गवारी करणे, रंग ओळखणे शिकवले जाई. वाड्या-पाड्यांवर राहणाऱ्या मुलाला झाडांची माहिती घरातूनच मिळालेली असते. शाळेने ती ओळखून तिच्यावर पुढची रचना करायची, हा कोसबाडचा धडा अजून पुरेसा घेतला गेलेला नाही.

मुलांच्या मनात झाड ‘जिवंत’ ठरायला वेळ लागतो. हालचाल करते ते जिवंत, अशी लहान मुलांची समजूत असते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले. बी तर मुलांना खड्यासारखेच निर्जीव वाटते. म्हणून सुरुवात मोठ्या बियांनी करावी. वाल, मका, भोपळा, हरभरा यांच्या बिया पाच-सहा वर्षांच्या बोटांत नीट धरता येतात आणि बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर टोकता येतात. काचेच्या ग्लासात कडेने ओला कागद लावून त्यामागे बिया ठेवल्या की मूळ आधी बाहेर पडते आणि ते खालीच वळते, हे दिसते. बी उलटे ठेवले तरी मूळ वळसा घेऊन खाली जाते. हे पाहिलेल्या मुलाला बी निर्जीव आहे असे पुन्हा वाटणे कठीण.

वाल आणि हरभरा शेजारी-शेजारी लावले तर आणखी एक गोष्ट हाती लागते. दोन्ही द्विदल. पण वालाची दोन दळे मातीतून वर येतात, पिवळी पडून सुकतात आणि गळतात. हरभऱ्याची दळे मात्र जमिनीखालीच राहतात आणि वर फक्त कोंब येतो. मूग वालासारखा वागतो, तर तूर हरभऱ्यासारखी. पुस्तकातील बीजांकुरणाच्या एकाच चित्रावर थांबलेल्या वर्गाला हा फरक कधीच भेटत नाही. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिनाभरात काढणीला येते, त्यामुळे उतावळ्या वयाला ती फार सोयीची. धने आठ-दहा दिवस वाट पाहायला लावतात, आणि पेरण्याआधी रगडून त्यांचे दोन भाग करावे लागतात. का, हे विचारायला मुलांना तिथेच निमित्त मिळते.

वेलांच्या मांडवाखाली परागीभवन समजते. दुधी-भोपळ्याच्या वेलाला आधी नुसती नर फुले येतात आणि गळून जातात. वेल वांझ आहे अशी तक्रार मुले हमखास करतात. नंतर देठाशी बारीक दुधी घेऊन आलेली मादी फुले दिसू लागली की ती फुले ओळखण्याची मुलांत चढाओढ लागते. लाल भोपळ्याचे पिवळे फूल सकाळी उमलते आणि त्यावर मधमाश्या येतात. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, त्याच्याकडे पतंग येतात. शाळा तोवर सुटलेली असल्याने हे निरीक्षण घरच्या वेलावर करायला सांगावे.

कीड हा बागेतील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा पाठ आहे. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडते. ती पुढे हिरवी होते, कोष करते आणि त्यातून फुलपाखरू निघते. तिने पाने खाल्ली तर चालेल का, यावर मुलांना वाद घालू द्यावा. निंबोळी अर्क फवारण्याचा निर्णय झाला तरी तो त्यांनी पाहून, बोलून घेतलेला असावा. लहान मुले काम करत असलेल्या बागेत रासायनिक कीटकनाशके असूच नयेत.

शाळेचे वर्ष महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जूनच्या मध्याला, विदर्भात महिनाअखेरीस सुरू होते, म्हणजे ते पेरणीच्याच सुमारास उघडते. पावसाळ्यात भेंडी, गवार, काकडी, दोडका, मका आणि दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, टोमॅटो असा क्रम बसतो. हात धुण्याचे पाणी वाहते तिथे अळू आणि केळ लावण्याची पद्धत गावोगाव आहे.

शिवारफेरीचा खरा हंगाम श्रावण-भाद्रपदाचा. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी या रानभाज्या तेव्हा सापडतात, आणि आदिवासी व शेतकरी घरांतील मुले शिक्षकांना नावे सांगतात. त्या फेरीपुरते शिकवणारे आणि शिकणारे यांची अदलाबदल झाली तर ती होऊ द्यावी. गणपतीच्या पत्रीत दुर्वा, आघाडा, शमी, माका अशा वनस्पती येतात. त्या ओळखण्याची फेरी काढता येते, फक्त ओरबाडून आणण्याऐवजी एकेक पान पुरे. पावसाळा सरताना बीजप्रसार शिकवावा लागत नाही. आघाड्याची फळे कपड्यांना चिकटून वर्गात येतात, तेरड्याच्या बोंडाला हात लावताच ते फुटते. उन्हाळ्याच्या तोंडाशी रुईची म्हातारी वाऱ्यावर उडताना दिसते. माघ-फाल्गुनात पळस आणि सावर निष्पर्ण होऊन फुलतात. वर्गाने एकच झाड निवडून त्याची पालवी, फुले, फळे आणि पानगळ वर्षभर दर आठवड्याला नोंदवणे ही चांगली सवय आहे. ‘सीझनवॉच’ हा देशव्यापी नागरिक-विज्ञान प्रकल्प याच पद्धतीने झाडांच्या ऋतुबदलाच्या नोंदी गोळा करतो आणि त्यात शाळांचा मोठा वाटा आहे.

फेरीआधी शिक्षकाने वाट एकदा पायी पाहून यावी. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात आणि त्या खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाबांमुळे रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. कुंपणाला लावलेले हे झाड शाळेच्या आवारातून काढूनच टाकावे. धोतरा, कण्हेर, एरंड व गुंजेच्या बिया विषारी असतात, तर खाजकुयलीच्या शेंगांवरील लव असह्य खाज आणते. शिक्षकाला विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही, हा एकच नियम सर्वांच्या अंगवळणी पाडावा. रानभाजीसुद्धा जाणत्या माणसाने ओळखल्यावरच शिजवावी.

शहरांतील शाळांना शिवार नसते, पण झाडे असतात. मुंबईत गोरेगावचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र आणि भायखळ्याची राणीची बाग, पुण्यात एम्प्रेस गार्डन अशा ठिकाणी मुलांना नेता येते. मात्र पन्नास मुले रांगेत नेऊन पाट्या वाचून आणण्यापेक्षा शाळेसमोरच्या पदपथावरील एका वडाभोवती तासभर बसणे अधिक फळते. कास पठारासारख्या ठिकाणी फुलांच्या हंगामात गर्दीने रोपे तुडवली जातात, तेव्हा लहान वर्गांची सहल तिथे न नेलेलीच बरी.

बागेची कसोटी मे महिन्यात लागते. शाळा बंद असते आणि पाण्याची टंचाई असते. एप्रिलमध्येच वाल, भेंडी, दोडका यांच्या वाळलेल्या शेंगा-फळांतून बी काढून, राख चोळून बरणीत ठेवावे, वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशा टिकणाऱ्या झाडांच्या पाण्याची पाळी जवळच्या घरांत वाटून द्यावी. ज्या शाळेत ही पाळी मुले स्वतः ठरवतात तिथली झाडे जूनपर्यंत सहसा जगतात.