ग्राफीनला बंद होता येत नाही

रत्नागिरीत गाडी धुवायला नेली की हल्ली ‘ग्राफीन कोटिंग’चा बोर्ड दिसतोच. खारी हवा लागणार नाही, गंज चढणार नाही, असं ठणकावून सांगतात. व्हॉट्सॲपवर दुसरा दावा फिरतो की सिलिकॉनचे दिवस संपले, यापुढे चिप ग्राफीनच्या.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. बाटलीतून पुसून लावलेला थर म्हणजे तसा सलग पापुद्रा नव्हे. आणि खरा पापुद्राही रामबाण नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ग्राफीन चढवलेलं तांबं सुरुवातीला टिकलं, पण काही महिन्यांत उघड्या तांब्यापेक्षा जास्त गंजलं. पापुद्र्याला भेगा असतातच, आणि ग्राफीन वीजवाहक असल्यामुळे ओल शिरली की दोन वेगळे धातू एकमेकांना टेकल्यावर त्यातला एक भराभर गंजतो, तसा गंज सुरू होतो. बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे का लावतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरा दावा मात्र सावकाश तपासावा असा आहे. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत सोलत एकच थर वेगळा काढला. शोधनिबंध 2004 चा, नोबेल 2010 चं. या थरातून इलेक्ट्रॉन विलक्षण सहज धावतात. पण चिपमधला ट्रान्झिस्टर हा स्विच आहे. त्याला बंद होता आलं पाहिजे, आणि ग्राफीन नीट बंद होतच नाही.

का? कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. तीन शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात तीन खर्ची पडतात, चौथा पापुद्राभर मोकळा फिरतो. आता षटकोनांच्या जाळीतल्या अणूंना एकाआड एक ‘अ’ आणि ‘ब’ म्हणा. प्रत्येक ‘अ’चे तिन्ही शेजारी ‘ब’, प्रत्येक ‘ब’चे तिन्ही ‘अ’. इलेक्ट्रॉन लाटेसारखा पसरतो, आणि एका ठरावीक तरंगलांबीला, ठरावीक दिशेने, तीन शेजाऱ्यांकडून येणाऱ्या लाटा एकमेकींना पूर्ण पुसून टाकतात. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातली देवाणघेवाण तिथे शून्य होते. मग इलेक्ट्रॉन ‘अ’वर असो की ‘ब’वर, दोन्ही कार्बनच, त्यामुळे ऊर्जा तंतोतंत सारखी. परिणामी इलेक्ट्रॉनांनी भरलेला ऊर्जापट्टा (त्यांना मुभा असलेल्या ऊर्जांचा पट्टा) आणि त्यावरचा रिकामा पट्टा त्या बिंदूत एकमेकांना टेकतात. प्रवाह अडवायला मधे ऊर्जेची फटच नाही. व्होल्टेज कसंही फिरवा, थोडा तरी प्रवाह वाहतोच.

आता जाळी तीच, इलेक्ट्रॉन तेवढेच, पण ‘अ’च्या जागी बोरॉन आणि ‘ब’च्या जागी नायट्रोजन बसवा. आवर्तसारणीत अणुक्रमांक 5 आणि 7, म्हणजे 6 क्रमांकाच्या कार्बनचे दोन बाजूंचे शेजारी. दोन जागा आता सारख्या उरल्या नाहीत, म्हणून त्या बिंदूवरही ऊर्जा वेगळ्या होतात आणि सुमारे 6 इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे ऊर्जेचं एकक) फट पडते. सिलिकॉनची फट 1.1 आहे. ग्राफाइट काळं आणि वाहक, बोरॉन नायट्राइड पांढरंशुभ्र आणि पक्कं रोधक! पदार्थविज्ञानात मला याहून देखणं उदाहरण माहीत नाही.

स्विचला या दोन टोकांच्या मधलं काहीतरी हवं. ते यंत्रांच्या काळ्या ‘मॉली’ ग्रीसमध्ये आधीपासून होतं. त्यातल्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर म्हणजे गंधक, मॉलिब्डेनम, गंधक अशा तीन अणूंची चळत, जाडी 0.65 नॅनोमीटर, फट सुमारे 1.8. 2011 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या संशोधकांनी त्याचा ट्रान्झिस्टर केला, तेव्हा स्विच चालू असतानाचा प्रवाह बंद असतानाच्या प्रवाहाच्या 10 कोटी पट भरला. शिवाय इतक्या पातळ थरात वरच्या गेटचा, म्हणजे स्विच चालू-बंद करणाऱ्या टोकाचा, अंमल थेट तळापर्यंत पोचतो. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर फार लहान केला की गेटपासून दूरच्या भागातून प्रवाह गळू लागतो, तशी वाट इथे कमी राहते.

अडचणी आहेतच. एका थराच्या पदार्थाला आतला भाग असा नसतोच, सगळा पृष्ठभाग. काळा फॉस्फरस हाही असाच थरांचा पदार्थ; त्याचा पातळ थर दमट हवेत उघडा राहिला तर खराब होतो, मग आपल्याकडच्या आषाढात त्याचं काय होईल ते बघा. म्हणून असे थर प्रयोगशाळेत बोरॉन नायट्राइडच्या दोन पापुद्र्यांमध्ये बंद करतात. पण चिकटपट्टीने सोललेल्या कपच्यांवर कारखाना चालत नाही. अख्ख्या वेफरवर, म्हणजे ज्या चकतीवर चिपा बनतात तिच्यावर, बिनदोष थर वाढवणं आणि त्याला धातूचे चांगले जोड देणं, सध्या खरी झटापट तिथे चालली आहे.