एकदाच झाडायची म्हणून बनवलेली पुंगळी

रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात: गोळी, दारू, दारू पेटवणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. बार झाला की पहिल्या तिन्ही खर्ची पडतात. पुंगळी मात्र जवळजवळ होती तशी बाहेर येते, आणि घडवायला सगळ्यात खर्चिक तीच. त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या वेचून पुन्हा भरण्याचा उद्योग पितळी काडतुसाइतकाच जुना आहे. यात आज ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याच मूळच्या लष्करी कारखान्यांतल्या आहेत. तिथे पुंगळी एकदाच झाडली जाणार, असे धरूनच सगळे ठरत असे.

काळ्या दारूच्या जमान्यात काम सोपे होते. पुंगळी गोळीच्या बुडापर्यंत भरायची आणि वर गोळी दाबायची. दुप्पट दारू घालू म्हटले तरी मावत नसे. पथ्य एकच: झाडलेली पुंगळी लवकर धुवायची, नाहीतर आतली राख ओलावा धरते आणि पितळ खाते. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि ही ढिलाई संपली. नवी दारू थोडक्यात कितीतरी अधिक दाब देते. हलक्या भरणीत पुंगळीत बरीच जागा उरते, आणि नजरचुकीने दोनदा दारू पडली तरी ती वर येत नाही. आधुनिक रायफलच्या चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीतला, दाब ४ हजार बारच्या (दाबाचे एकक) आसपास जातो. तिथे चुकीला माफी नाही.

प्रायमरची कथा थोडी गमतीची आहे. १८६६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन यांनी आपापली रचना आणली. बॉक्सरच्या रचनेत ऐरण, म्हणजे ज्यावर आपटून प्रायमरचे मिश्रण पेटते तो भाग, प्रायमरच्या आतच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. त्यातून सरळ सुई घालून जुना प्रायमर ढकलून काढता येतो. बर्डनची ऐरण पुंगळीतच घडवलेली, आणि भोके सहसा दोन, बाजूला. तिथे सुई चालत नाही. प्रायमर बाहेरून आकड्याने उचकटावा लागतो किंवा पुंगळीत पाणी भरून दाबाने उडवावा लागतो. इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपातल्या सैन्यांत. हौशी भरणाऱ्यांची परंपरा अमेरिकेत एवढी फोफावली, त्याचे एक साधे कारण या मधल्या भोकात आहे.

प्रायमरच्या रसायनाचाही पुंगळीवर परिणाम होतो. जुन्या प्रायमरमध्ये पाऱ्याचे संयुग असे. काळ्या दारूची भरपूर राख पाऱ्याला अडवायची. बिनधुराच्या दारूत ती ढाल उरली नाही. पारा पितळात शिरून ते ठिसूळ करू लागला. अशी पुंगळी वरून चांगली दिसते आणि पुढच्या बाराला फुटते. पुढे आलेल्या क्लोरेटच्या प्रायमरने पितळ वाचले, पण त्याचा क्षार नळीत राहून ती गंजवतो. हा क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून असा माल झाडल्यावर नळी आधी पाण्याने धुवायची आणि मग तेल लावायचे.

पितळाची दुसरी खोड भारतातच उघडी पडली. ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात, आणि न वापरलेल्या पुंगळ्यांना आपोआप चिरा जात. खुलासा १९२१ मध्ये झाला. ओढून घडवलेल्या पितळात ताण साठलेला असतो, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया नेमका तिथेच पितळ खातो. उपाय म्हणजे तोंडाकडचा भाग तापवून ताण मोकळा करणे. लष्करी पुंगळीच्या मानेवर, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद भागावर, दिसणारी निळसर-तपकिरी झाक त्या तापवण्याची खूण आहे. पुन्हा भरताना झाडल्याने फुगलेली मान दर वेळी साच्यात दाबली जाते आणि कडक होत जाते, म्हणून हाच उपाय इथेही करतात. जुनी पद्धत अशी: पसरट भांड्यात पाणी घालून पुंगळ्या उभ्या करायच्या, अर्धे अंग पाण्यात ठेवायचे, फक्त मान आणि खांदा (मानेखालचा उतार) ज्योतीने तापवायचा आणि पुंगळी आडवी पाडायची. पाणी बुडाला तापू देत नाही. बूड मऊ झालेली पुंगळी भंगारात टाकण्याच्याच लायकीची. पुंगळ्या घासायला अमोनियायुक्त क्लीनर वापरणे म्हणजे तबेल्याचाच प्रयोग पुन्हा करणे.

आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची थ्री नॉट थ्री भरणाऱ्याला सगळ्यात जास्त रडवते. या काडतुसाला बुडाशी कडा असते आणि पुंगळी त्या कडेवर टेकते. चिखल-धुळीत अडकू नये म्हणून चेंबर सैल ठेवलेले, शिवाय हे काडतूस झाडणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे दाबाखाली थोडा लवतो. परिणामी खांदा पुढे जातो, बूड मागे येते आणि बुडाच्या वर सुमारे एक सेंटिमीटरवर पितळ पातळ होते. बाहेरून तिथे चकचकीत कडे दिसते. टोक वाकवलेली बारीक तार आत फिरवली तर ती खाचेत अडकते. तार अडकली की पुंगळी बाद. पूर्ण आकाराला न दाबता फक्त मान दाबली तर पुंगळी खांद्यावर टेकते आणि बऱ्याच जास्त वेळा टिकते, पण त्याच रायफलमध्ये.

मैदानावर वेचलेल्या लष्करी पुंगळ्यांत आणखी दोन गोष्टी निघतात. प्रायमरभोवतीचे पितळ ठोकून आवळलेले असते. ती आवळलेली कड काढल्याशिवाय नवा प्रायमर चेपतो. आणि ७.६२ मिमीच्या लष्करी पुंगळीची भिंत बऱ्याचदा जाड असते, म्हणजे आतली जागा कमी आणि तेवढ्याच दारूला दाब जास्त.

टाकून दिलेल्या जिवंत काडतुसांचा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ब्रूस हॉजडन यांनी उरलेली लष्करी दारू घाऊक घेऊन विकली, आणि त्यावर भरण्याचा छंद वाढला. ती दारू कोणती आहे हे माहीत होते. काडतूस उघडून काढलेल्या दारूला तसे नाव नसते. कारखाना दारूच्या प्रत्येक खेपेप्रमाणे माप बदलतो, आणि दाणे हुबेहूब दिसूनही जळण्याचा वेग वेगळा असतो. जुन्या थ्री नॉट थ्रीत तर कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूच्या काड्या असतात. त्या आधी भरून मग पुंगळीची मान घडवली जाई, त्यामुळे त्या परत त्याच मापाने भरायचा प्रश्नच येत नाही. आंबट वास, तांबूस पूड किंवा पुंगळीच्या आत हिरवा गंज दिसला तर दारू सडली आहे. तेलात किंवा पाण्यात बुडवून प्रायमर मरतो ही समजूत भरवशाची नाही. जमिनीत किंवा अडगळीत सापडलेल्या जिवंत काडतुसाला हात न लावता पोलिसांना कळवावे. त्यात भरणाऱ्याच्या कामाचे काही नसते.